बारकीचं न लागलेलं लग्न

उधवा, ता. तलासरी
मे २०१८

प्रिय निलम,

हे पत्र पोस्टाने नाही, हाताने येतंय. जे माणूस ते घेऊन येईल त्याला आधी पाणी दे आणि मग एका जागी निवांत बसून वाच, तुझ्या सवयीप्रमाणे उभ्याउभ्या नको. दोन महिने तू मला शिव्या घालत असशील. घाल, तो तुझा हक्कच आहे. ‘ओहोटीच्या आत येते’ म्हणून डहाणूला तुझ्यासमोरून गेले आणि परत आलेच नाही, फोन नाही, निरोप नाही. सगळं सांगते. पण एक आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. माझी धाकटी बहीण बारकी जिवंत आहे. तिला जिवंत ठेवणं एवढं एकच काम मी या दोन महिन्यांत केलं, आणि ते आता माझ्या एकटीच्या आवाक्यात राहिलेलं नाही.

तो दिवस आठव. आपली बोट डहाणूसमोर नांगर टाकून उभी होती. खाडीत गाळ इतका की तिला आत येता येत नाही, म्हणून पॅसेंजरांना मांगेला कोळ्यांच्या होड्यांतून किनाऱ्यावर न्यायचं. त्यांच्यासाठी सगळं ठरलेलं होतं: एसी गाड्या, घोलवडची चिकूवाडी, वाडीतलं जेवण, वारली चित्रांची खरेदी. आपण पडलो केबिनवाल्या. चादरी बदलून झाल्या असतील तर उतरा आणि भरती ओसरायच्या आत परत या, एवढंच आपल्या वाट्याला. दोघींच्या पर्सा झटकल्या तरी त्यातून वाडीचं एक ताट निघालं नसतं. तू म्हणालीस, मग बोटीवरच झोपू या. आणि मी म्हणाले, माझ्या डहाणूत पैशावाचून कुणाचं अडत नाही, चल तू.

आणि चल म्हणून जेटीवर पाय ठेवला तर काय बघायला मिळालं! एका गुजराती कुटुंबाची बॅग एका टमटमवाल्याने आपल्या गाडीत टाकली, दुसऱ्याने ती ओढून काढली, आणि बघता बघता जॅकची दांडी बाहेर आली. ती खांद्यावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आपण दोघींनी ऐकला. तो खाली बसला. वाटलं, संपलं. पण उठला तो दगड घेऊनच, आणि समोरच्याच्या तोंडावर घातला. रक्त, दात, कुणाची तरी चप्पल, सगळं जेटीवर. पॅसेंजर किंचाळत होते, आणि टोपीवाला एक काका शांतपणे मोबाईलवर शूटिंग करत होता. तू माझा दंड असा आवळलास की नखं उमटली. म्हणालीस, तुमच्याकडे पाहुण्यांचं स्वागत असंच करतात का गं? मी हसले. मला मारामारी बघायला आवडते, तुला ठाऊक आहे. दीवच्या फेरीत केबिनमध्ये माझा हात धरणाऱ्या त्या पॅसेंजरचं बोट मी मागे वाकवलं, तेव्हा मला खेचून बाहेर नेणारी तूच होतीस. त्या सकाळी मी हसले, कारण मारणारे दोघंही सारख्या ताकदीचे होते. अशी मारामारी आमच्या घरात कधी झाली नव्हती.

मग आपण पायीच निघालो. पारनाक्यावर ताडगोळेवालीशी मी आमच्या बोलीत दोन शब्द काय बोलले, तिने वर चार ताडगोळे घातले. इराण्याच्या हॉटेलात एक मस्कापाव दोघींत आणि चहा मात्र दोन, कारण अर्ध्या चहावर माझं डोकं उठतं. पुढे घोलवडहून आलेल्या टेम्पोतून चिकूची खोकी उतरत होती. खरचटलेला चिकू पेटीत भरत नाहीत, वाटेत पाणी सुटलं तर शेजारचे दहा नासवतो. तो बाजूला काढलेला ढीग बघून तू हळूच म्हणालीस, विचार ना. विचारलं, आणि तुझी ओढणी भरली. सुरूच्या झाडांखाली वाळूत बसून आपण हनुवटीवरून रस गळेपर्यंत खाल्लं. देवगडची ना तू, समुद्राकडे बघून नाक मुरडलंस. हा काय समुद्र, गाळलेला चहा, असं म्हणालीस. मी तुझ्या पाठीत गुद्दा घातला. वाडीत ताटावर बसलेल्या त्या पॅसेंजरांपेक्षा आपला दिवस चांगला चालला होता, यावर मी आजही पैज लावीन.

तिथेच मी तुला बारकीच्या लग्नाचं सांगितलं आणि तुझे डोळे एवढे मोठे झाले. सात वर्षांची पोरगी आहे आणि आईचं लग्न उद्या? आम्हा वारल्यांत चालतं हे. मुलगा-मुलगी एकत्र राहायला लागतात, पोरं होतात, आणि लग्न जमेल तेव्हा. लग्न म्हणजे गावजेवण, ताडी, रात्रभर नाच, ते ऐन तरुणपणी कुणाला झेपायचं? पोराच्या मांडवात बापाचंही उरकून घेतल्याची उदाहरणं आहेत. त्यात कुणाला लाज वाटत नाही. बारकी कैनाडला रघ्याच्या घरी गेली ती अशीच, हसत, डोक्यावर बोचकं घेऊन. तू ऐकलंस, पर्स पुन्हा एकदा झटकलीस आणि बाजारातून तिच्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्यास. भाव करताना तू त्या कासाराला जे पाणी पाजलंस ते बघून मी देवगडला मनातल्या मनात नमस्कार केला.

पण तुला मी अर्धंच सांगितलं होतं. वाळूत बसून चिकू खाताना ते तोंडातून निघेना. रघ्या तिला मारायचा. मारायचा म्हणजे चापट नाही, निलम. तिचा वरचा दात त्याने लाथेने पाडला. चुलीतलं जळतं लाकूड मांडीला लावलं, का, तर पेजेत मीठ जास्त झालं. एकदा मी त्याला ताडाच्या बुंध्याशी धरून बडवला होता. त्याचा वचपा त्याने महिनाभर तिच्यावर काढला, आणि तेव्हा तिनेच मला आईची शपथ घातली, तू मधे पडू नकोस. गेल्या दिवाळीत ती पोरीला, रोशनीला घेऊन उधव्याला आईकडे आली आणि परत जाईना. मग दोन्हीकडची मोठी माणसं बसली. त्यांनी डोकं चालवून काय काढलं असेल? रीतसर लग्न लावून द्या, त्याच्याच दारात, म्हणजे तो ठिकाणावर येईल. गाय खुंट्याला बांधली की बैल शांत होतो, असलं काहीतरी त्यांचं गणित. रघ्यालाही ते पटलं. एवढी वर्षं ज्याला लग्न सुचलं नाही तो मांडवाचे खांब तोडायला स्वतः रानात गेला, कारण लग्न लागलं की ती पुन्हा पळून जाणार नाही, हे त्याला कुणीतरी नीट समजावलं होतं.

तुला पारनाक्याला सोडून मी मसोलीहून टमटमने कैनाडला गेले. घरात बायकांची गर्दी होती. भिंत गेरूने सारवलेली, आणि तीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत होत्या. आम्ही चौक काढत नाही, लिहितो. मधोमध पालघट देवी, भोवती चंद्र, सूर्य, बाशिंग, नाचणारी माणसं. कोपऱ्यात म्हातारी धवलेरी बसलेली. तुमच्यात भटजी मंत्र म्हणतो तसं आमच्यात ही बाई गाणं म्हणते. आज चौकापुढे सुरू केलेलं गाणं ती उद्या मांडवात पुरं करते, आणि ते पुरं झालं की लग्न लागलं. त्याआधी कितीही हळद लावा, जेवणावळी घाला, लग्न नाही. बारकी पिवळीधमक होऊन पाटावर बसली होती. मी तुझ्या बांगड्या तिच्या हातात चढवल्या आणि सांगितलं, माझ्या बोटीवरच्या मैत्रिणीने दिल्यात. ती हसली, पडलेला दात दिसू नये म्हणून तोंडावर हात धरून.

तेवढ्यात रघ्या आत आला. बाहेर ताडी चालूच होती. त्याने तिचा हात वर धरून बांगड्या बघितल्या आणि मला विचारलं, “जहाजावर नुसत्या चादरीच धुतस का गं? का आनखी काय काय करतस?” माझा हात शिवशिवला, पण शपथ होती, मी दात दाबून उभी राहिले. बोलली ती बारकी. खाली बघत, हळूच म्हणाली, “माझ्या बहिनीला बोलू नको.” एवढंच. एवढ्या वर्षांत तिने त्याला उलटून काढलेला पहिला शब्द असेल तो.

त्याने तिच्या अंबाड्यात हात घातला आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. चौकावर. पीठ अजून ओलं होतं. एकदा आपटलं, मग मागे खेचून पुन्हा आपटलं. ती सावरायला दोन्ही हात भिंतीला लावत होती आणि तुझ्या बांगड्या एकेक करून फुटत होत्या. तिच्या कपाळाचं रक्त देवीच्या पायांवरून खाली ओघळलं, नाचणारी माणसं पुसली गेली. रोशनी दारात उभी होती. ती रडली नाही, हे मला अजून छळतं. तिने फक्त दोन्ही कानांवर हात ठेवले, रोजचं काम असल्यासारखे.

हळद कुटायचं मुसळ माझ्या पायाशी पडलं होतं. शपथ गेली चुलीत. पहिला फटका मी त्याच्या गुडघ्यावर मारला, तो वाकला तेव्हा दुसरा पाठीवर, आणि तिसरा जिथे बसेल तिथे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकं बरं मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल. पण तो दणकट गडी, आणि ताडी चढलेल्याला दुखत नाही. कुडात खोचलेला कोयता त्याच्या हाताला लागला. तो माझ्यावर आला असता तर मी चुकवला असता. तो आला बारकीवर. मी डावा हात मधे घातला. कोयत्याचा पाठचा भाग मनगटावर बसला म्हणून हात अजून अंगाला आहे, धार लागली असती तर तिथेच चौकापुढे पडला असता. हाड मोडलं ते मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर, जेटीवर ऐकलं होतं अगदी तसंच. त्या झटापटीत माझा फोन पडला आणि त्याच्या पायाखाली त्याचा चुरा झाला. तुझा नंबर त्यातच होता. आणि बाहेरची चार धडधाकट माणसं? दारात उभी राहून बघत होती, पेले हातात तसेच. त्यातला एक म्हणाला, “घरातला हाय, घरात मिटंल.” त्याचं तोंड मी लक्षात ठेवलं आहे.

मग जे झालं ते मी शंभरदा आठवते. बारकी उठली. तिने कोपऱ्यातला पाण्याचा हंडा उचलला आणि स्वतःच्या डोक्यावरून ओतून घेतला. हळद, रक्त, पीठ, सगळं तिच्या अंगावरून जमिनीवर वाहायला लागलं. तिने तोंड चोळलं, हात चोळले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझा लगीन झाला नाय. मी कोनाची बायको नाय. पोरीला घेतंय नि जातंय.” आमच्या कुणाच्याही डोक्यात हे कधी आलं नव्हतं. इतकी वर्षं सगळे तिची कीव करत होते, बिचारीचं लग्न राहिलंय म्हणून. जे राहिलं होतं तोच दरवाजा होता आणि तो उघडा आहे हे तिला एकटीला दिसलं. रघ्या ओरडला, “आजच्या आज लावा लगीन! म्हन गं म्हातारे, गाना म्हन!” धवलेरीने पदर खोचला, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि त्याच्या आणि बारकीच्या मधे जाऊन उभी राहिली. म्हणाली, “पोर खरा बोलते. गाना पुरा झाला नाय. देवीवर रगत पडला, आता या घरात मी तो म्हनायची पन नाय.” कोयता त्याच्या हातात होता. पण धवलेरीवर हात टाकला तर त्याच्या घरात पुढे कुणाचंच लग्न लावायला कुणी येणार नाही. त्याचा हात खाली आला. आम्ही तिघी मागच्या दाराने शेतातून निघालो. तो मांडवातून ओरडत होता, “जिथं गावशील तिथं चिरीन तुला.” बारकीने मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं, आणि ओरडूनच उत्तर दिलं. ते काय होतं ते इथे लिहिता येत नाही, पण तुला अंदाज येईल.

तिकडे जेटीवर तू काय केलंस ते मला होडीवाल्या नविनने नंतर सांगितलं. सगळे होडीत बसले तरी तू काठावर पाय रोवून उभी होतीस, ती आल्याशिवाय होडी सोडायची नाही म्हणून. पाणी उतरत गेलं, होडीचा तळ गाळाला घासायला लागला, पॅसेंजर कावले, आणि शेवटी दोघांनी तुला उचलून आत बसवलं. तू त्यातल्या एकाला चावलीस म्हणे. हे ऐकून मी दवाखान्याच्या बाकावर प्लास्टरचा हात पोटाशी धरून इतकी हसले की नर्स रागावली.

पण रघ्या नुसतं बोलून थांबणारा नव्हता. उधव्याला आईच्या घरी आल्याला आठवडा झाला नसेल, आमची पेंढ्याची उडवी पेटली. भर दुपारी. पुढच्या बाजाराच्या दिवशी अंगणात आमची शेळी मरून पडली होती, गळा कापलेली, आणि दोरी तशीच खुंट्याला. आम्ही पोलिसात गेलो. तिथल्या एका हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, लग्न झालंय का? बारकी खरं बोलली, नाही. त्याने पेन खाली ठेवलं, मग तो नवरा कसला आणि हा छळ कसला, म्हणाला. मी टेबलावर प्लास्टर असं आपटलं की आतून एक साहेब-बाई बाहेर आली. तिने ऐकून घेतलं, लग्नाबिग्नाचं काही नडत नाही म्हणाली आणि सगळं लिहून घेतलं. रघ्याला आत टाकला. काही दिवसांत जामिनावर बाहेर.

मी बारकीला गुजरातेत उंबरगावला एका ओळखीच्या बाईकडे ठेवली. तिथे खेळणी भरायच्या कारखान्यात तिला काम लागलं. राज्य बदललं, भाषा बदलली, वाटलं, तिथे कोण शोधणार? त्याने शोधलं. आमच्या लोकांचं काय, कुणीतरी कुणाच्या तरी मावशीला सहज सांगतं. शिफ्ट सुटायच्या वेळी तो फाटकाबाहेर वडापावच्या गाडीआड उभा होता. तिने बघितलं आणि पळाली, म्हणून वार पाठीवर बसला, मानेवर बसायचा तो. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत. लोकांनी त्याला पकडायच्या आत तो रुळांवरून पळाला तो अजून सापडलेला नाही. मी तिला सरकारी दवाखान्यात बघितली तेव्हा ती पालथी पडली होती आणि डॉक्टर टाके घालत होते. मला बघून म्हणाली, “पोरीला सांगू नको.”

त्या दिवसापासून मी रघ्याला मारायचं ठरवलं. खरंच, निलम. तापलेल्या डोक्याने नाही, थंड डोक्याने. तो कुठे लपला असेल ते मला कळलं होतं, मी कोयता पाजळून घेतला आणि दुपारची निघालेसुद्धा. दवाखान्यातून उधव्याला आणलेली, टाके ओले असलेली बारकी माझ्यामागे बांधापर्यंत धावत आली. माझ्या हातातून कोयता काढून घेतला आणि म्हणाली, “तू तुरुंगात, मी मसनात, नि पोर कोनाच्या दारात?” मग तिथेच बांधावर बसली, पाठीतून रक्त यायला लागलं होतं. मी तिला उचलून घरी आणली. एका हाताने. इतकी हलकी झाली आहे ती.

त्या दुपारी ती पालथी झोपली असताना मी तिचं मन रमवायला बोटीचं बोलत बसले. आपली केबिन, खालच्या बर्थवर तू आणि वरच्या बर्थवर मी, टॉवेलचे हंस, रात्री इंजिनाची घरघर. ती ऐकत होती. मधेच तिने विचारलं, “तथं रघ्या येल का?” आणि तिथेच मला वाट दिसली. जमिनीवर असं एकही गाव नाही जिथे आमच्या माणसांची कुणी मावशी नाही. पण समुद्रावर आमच्यातलं कुणी नाही. तो डोंगराकडचा गडी, गुडघाभर पाण्याला घाबरतो. पॅसेंजरच्या यादीत नाव असल्याशिवाय आणि नविनच्या होडीत बसल्याशिवाय बोटीवर कुणी चढत नाही, आणि नविनला त्याचं तोंड मी फोटोत नीट दाखवून ठेवलं आहे.

माझ्या ओळखपत्रावर आपल्याला कामाला घेणाऱ्या परेरा मॅडमच्या ऑफिसचा नंबर होता, तो तेव्हा कुठे आठवला. त्यांना फोन केला. माझं मनगट आता वळत नाही, चादर ताणायला दोन मनगटं लागतात, तेव्हा माझी जागा गेलीच होती. पण ती अजून भरलेली नाही. पावसाळ्याआधीची ही शेवटची फेरी, मग बोट मुंबईला गोदीत जाणार आणि केबिनवाल्या तिथेच धुण्या-पुसण्याच्या कामाला राहणार, हे मला ठाऊक होतं. मॅडम म्हणाल्या, नवी बाई मी बघितल्याशिवाय घेत नाही, पण निलम हमी घेत असेल तर तिला मुंबईपर्यंत येऊ दे, कागद आणि ट्रेनिंग तिथे बघू. म्हणजे सगळं तुझ्या एका होकारावर आलं आहे. हे असं ओझं मैत्रिणीवर टाकायचं नसतं, मला कळतं. पण पाणी उतरत असताना होडी धरून उभं राहणारं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही.

मी इथेच राहणार आहे. रोशनी जूनमध्ये आश्रमशाळेत जाईल, तोवर आणि त्यानंतरही तिला कुणीतरी हवं. केस उभी राहील तेव्हा साक्ष द्यायला मला इथे असावं लागेल. आणि तिसरं असं की मी उधव्याला आहे तोवर रघ्याला वाटत राहील, बारकीही इथेच कुठेतरी आहे. मी तिची साडी रोज अंगणात वाळत घालणार आहे. तो येईल, मला माहीत आहे. येऊ दे. आईने दार बदलून घेतलं आहे, साहेब-बाईचा नंबर भिंतीवर लिहिला आहे, शेजारचा काळ्या आपले दोन कुत्रे घेऊन पडवीत झोपतो, आणि माझा उजवा हात अजून पहिल्यासारखाच आहे. मला भीती वाटते का? वाटते. पण तिच्यासाठी वाटते तेवढी नाही.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. पाणी देऊन बाजूला उभं केलेलं ते माणूस, तीच बारकी. या फेरीला बोट डहाणूला लागली की नविन तिला तुझ्यापर्यंत आणून सोडेल असं ठरलं आहे, आणि तू हे वाचत आहेस म्हणजे त्याने शब्द पाळला. तिला वाचता येत नाही, यात काय लिहिलं आहे ते तिला माहीत नाही, तू नाही म्हणालीस तर त्याच होडीने ती मुकाट्याने परत येईल. तिच्या उजव्या हाताकडे बघ, तुझ्या बांगड्यांपैकी एक वाचली आहे, ती तिने काढलेली नाही. माझा वरचा बर्थ तिला दे. कपडे बदलताना पाठीकडे बघू नकोस, बघितलंस तरी विचारू नकोस, महिन्याभराने तीच सांगेल. टॉवेलचा हंस तिला एका दिवसात जमेल, हात माझ्यापेक्षा हलका आहे. समुद्र लागेल तेव्हा आवळा दे. कुणी मोठ्याने बोललं तर ती डोकं झाकून घेते, तेव्हा हसू नकोस आणि कुणाला हसू देऊ नकोस. हसलाच कुणी, तर चाव त्याला. आता मान वर कर आणि तिला बस म्हण. सांगितल्याशिवाय ती बसायची नाही.

तुझीच, वरच्या बर्थवरची,
जयश्री